आमच्या घराचं नाव ४,९९९ रुपयांत ‘कायमचं तुमचं’. घ्यावं का?

खाडीकाठ
घणसोली गावात राहतो. गाव म्हणजे गाव, सेक्टर नाही. नवी मुंबईबाहेरच्यांना हा फरक कळत नाही म्हणून आधीच सांगतो. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, आजूबाजूला सेक्टर आणि प्लॉट पडले, मधली गावठाणं मात्र होती तशीच राहिली. आमचा पत्ता असा: वडिलांचं नाव, घर नंबर, गावदेवी मंदिरामागे, विहिरीसमोर, घणसोली गाव, ४००७०१. घर नंबराचा शेजारच्या नंबराशी काही संबंध नाही. आणि विहीर बुजून बारा वर्षं झाली, तिच्यावर आता बाईक लागतात. आधार कार्डावर अजून ‘विहिरीसमोर’ आहेच.

गेल्या रविवारी दोन तरुण आले. गळ्यात कार्ड, हातात टॅब. म्हणे, तुमच्या घराला वाचता येईल असं डिजिटल नाव देतो, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे खोडता न येणाऱ्या डिजिटल नोंदवहीत, तुमच्या नावावर चढेल, आयुष्यभर तुमचं, उद्या भाव आला तर विकताही येईल. घराला ४,९९९, सोसायटीला १४,९९९. भाऊजींनी लगेच पाचशे रुपये बुकिंग देऊन टाकलं. आई आतून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “आपलं नाव आपल्यालाच विकतायत का?”

मी हसण्यावारी नेलं असतं, पण गेल्या पावसाळ्यात रात्री आईची साखर एकदम खाली गेली. रुग्णवाहिका वीस मिनिटं मेन रोडला, सेक्टरच्या बाजूला उभी. नकाशातली टाचणी भलत्याच गल्लीत होती. शेवटी चुलतभाऊ टॉर्च घेऊन धावत गेला आणि तिच्यापुढे पळत गाडी घेऊन आला. तेव्हापासून पत्ता हा विषय डोक्यात आहे. ते पोस्टाचं दहा अक्षरी काय आहे, तीन शब्दांचं काय आहे आणि हे विकत मिळणारं काय, कुणी नीट सांगेल का?

नौपाडेकर
गावठाण असो नाहीतर शहर, हीच रड. आमचं ठाणं बघा. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज, तीन पेट्रोल पंप. निम्मं शहर कंपन्यांच्या आणि पेट्रोल पंपांच्या नावाने चालतं. आयुष्यात कधी नितीन कंपनीत पाऊल टाकलं नाही, पण रिक्षावाल्याला रोज सांगतो, नितीन कंपनी सोड. त्या नावाचे पैसे कुणी कुणाला दिले नाहीत आणि त्याची मालकीही कुणाची नाही.

पाचशे गेले समजा. पुढचे देऊ नका.

नकाशावेडा
खाडीकाठ, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

पोस्टाचं ते डिजिपिन. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर केलं, २७ मे २०२५ ला अधिकृतपणे आलं. करणी अगदी सोपी आहे. भारत मावेल असा एक मोठा चौकोन घेतला, त्याचे चार गुणिले चार असे सोळा भाग केले, प्रत्येकाला एक खूण. मग त्यातल्या एका भागाचे परत सोळा. असं दहा वेळा. पहिल्या खुणेचा चौकोन साधारण हजार किलोमीटर रुंद, पुढे दर खुणेला चौथाई, दहाव्याला जेमतेम चार मीटर उरतात. खुणा सोळाच: दोन ते नऊ हे आकडे आणि सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी. शून्य नाही आणि ओ नाही, एक नाही आणि आय नाही, म्हणजे वाचताना घोळ कमी.

गंमत बघा. ठाणं, मुंबई आणि नवी मुंबईचा बराचसा भाग ‘४-एफ-के’ने सुरू होतो. डोंबिवली, कल्याण, पनवेल ‘४-एफ-४’. ती रेघ खारघरच्या आसपास पडते. आणि ‘४-एफ-के’ नंतरची चौथी खूण ठाणे, ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याला ७ येते, वाशी-नेरूळ-बेलापूरला ६. पिनकोड पाठ असतात तसं हे मला पाठ झालंय, बायको डोक्याला हात लावते.

दुसरं, गुगलचे प्लस कोड. २०१४ पासून आहेत, तेही उघड्या परवान्याचे, म्हणजे कुणीही फुकट वापरावेत असे. त्यांची जाळी अक्षांश-रेखांशांवर सरळ बसवलेली. ७३ रेखांश वाशी आणि सानपाडा स्टेशनांच्या मधून जातो, म्हणून वाशी स्टेशनचा पूर्ण कोड ‘७-जे-एफ-जे’ने आणि सानपाड्याचा ‘७-जे-एफ-एम’ने सुरू होतो. हार्बरच्या गाडीत एका स्टेशनात चौकोन बदलतो.

तिसरं, तीन शब्दांचं. व्हॉट थ्री वर्ड्स, लंडनची कंपनी, २०१३ ची. सगळ्या पृथ्वीचे तीन बाय तीन मीटरचे ५७ लाख कोटी चौकोन, प्रत्येकाला तीन शब्द. मराठीतही आहे, आणि मराठीतले तीन शब्द हे इंग्रजीचं भाषांतर नसतात, पूर्ण वेगळे असतात. मंगोलियाच्या टपाल खात्याने २०१६ ला घेतलं होतं. वाचायला या सगळ्यात हेच गोड. पण शब्द आणि जाळी कशी जुळवली ते कंपनीच्या हातात. २०२१ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या डोंगरी बचाव पथकांनी वर्षभरात मिळालेल्या ४५ चुकीच्या ठिकाणांची यादी दिली होती. एका शब्दाला ‘एस’ लागला की माणूस दुसऱ्या देशात.

आता मूळ मुद्दा. पहिल्या दोन्हींमध्ये विकत घ्यायला काही नाहीच. अंगणात उभं राहा, गणित करा, कोड तयार. इंटरनेटही लागत नाही. जे कुणीही कधीही काढू शकतो ते तुम्हाला ‘तुमचं’ म्हणून कोण विकणार?

खाडीकाठ
@नकाशावेडा, मस्त समजावलंत. पण त्या पोरांचं म्हणणं की कोड कुणाला लक्षात राहत नाही, ते *नाव* देतात. ‘पाटीलवाडा-घणसोली’ असं काहीतरी. ते तर खरंच लक्षात राहतं ना?

ब्लॉक_नंबर_४
राहतं. पण ते नाव कुठे लिहिलंय हा प्रश्न विचारा.

माझं रोजचं काम याच्या आसपासचं आहे म्हणून सांगतो. ब्लॉकचेनवर तुम्हाला टोकन, म्हणजे एक डिजिटल पावती मिळेल, ते खरंच तुमचं असेल, कुणी खोडू शकणार नाही. इथपर्यंत ते पोरगे खोटं बोलत नाहीत. खोटं पुढे आहे. तुम्ही मालक झालात एका यादीतल्या एका ओळीचे. ती यादी स्विगीवाल्याने उघडली पाहिजे, कुरिअरवाल्याने उघडली पाहिजे, रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाने उघडली पाहिजे, तर त्या नावाला अर्थ. उद्या दुसरी कंपनी दुसरी यादी काढेल आणि तिच्यात ‘पाटीलवाडा-घणसोली’ तुमच्या शेजाऱ्याला विकेल. दोघेही मालक, दोघांकडेही टोकन.

आणि ‘भाव येईल’ हे वाक्य ऐकलं की खिसा घट्ट धरायचा. पत्ता विकायला मिळाला तर तो कोण विकत घेईल? ज्याला तुमच्या दारात आलेलं पार्सल हवंय तो.

निवृत्त_टपाल
बऱ्याच दिवसांनी आमच्या खात्यावर धागा, तोही शिव्यांशिवाय. नोंद घेतली.

थोडं मागे जाऊ. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संचार मंत्रालयात अतिरिक्त सचिव, आणि संस्कृतमध्ये लिहिणारे कवी. पहिला आकडा विभाग, चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा. म्हणून ठाणे स्टेशनजवळचं ४००६०१ आणि वाशीचं ४००७०३ मुंबईच्या ४०० मध्येच आणि डोंबिवली ४२१ मध्ये. खाडीकाठचं ४००७०१ टपाल आम्ही ‘घणसोली’ एवढं वाचून पोस्टमनकडे टाकायचो. पुढचं त्याच्या डोक्यात असायचं. विहीर बुजली हे त्याला माहीत होतं, तरी तो पत्र ‘विहिरीसमोर’ वाचूनच द्यायचा. पिन हा पोस्टाच्या सोयीचा होता, घरापर्यंत न्यायचं काम माणूस करायचा. पोरगं दर आठवड्याला बदलणाऱ्या डिलिव्हरीत ते डोकं कुठून आणणार, म्हणून ही नवी भानगड.

आता तुमच्या ‘नावा’बद्दल. टपाल खात्याने मे २०२५ मध्येच ‘ध्रुव’ नावाचं धोरण मांडलं. कल्पना यूपीआयसारखी. तुम्ही एक लेबल घ्यायचं, ‘अमुक ॲट ध्रुव’ असं. त्याच्या मागे तुमचा सविस्तर पत्ता आणि डिजिपिन. समोरच्याला फक्त लेबल द्यायचं, आणि पत्ता कुणाला, किती काळ दिसावा ते तुम्ही ठरवायचं. घर बदललं तर मागचा पत्ता बदलायचा, लेबल तेच. ही कल्पना मला डिजिपिनपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. डिजिपिन जमिनीला चिकटलेला आहे, लेबल माणसाबरोबर येतं.

रविवारी आलेल्या मुलांनी हीच कल्पना कुठेतरी वाचून, वर ‘मालकी’चा मुलामा चढवून विकायला काढलेली दिसते.

नौपाडेकर
काका, एक पिनकोड शोधून दाखवायचा तर संस्कृत कवी लागला, आता दहा अक्षरांना आयआयटी लागली :)

चेंदणी_कोळी
मला वेगळीच भीती आहे आणि कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. गावठाणात आणि त्याच्या कडेने ‘गरजेपोटी बांधलेली घरं’, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून गावकऱ्यांनी परवानगीशिवाय बांधलेली, हा विषय किती वर्षं लटकलाय ते खाडीकाठला सांगायला नको. आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यातही सीमांकनाचं तेच. आता चार चार मीटरच्या चौकोनाला सरकारी कोड लागला आणि लोकांनी आपापल्या घराचे कोड दारावर लिहिले, की उद्या कुणी यादी करून येणार नाही ना, हे बघा, एवढे चौकोन हद्दीबाहेर?

नकाशावेडा
@चेंदणी_कोळी, प्रश्न रास्त आहे, पण भीती चुकीच्या जागी आहे. डिजिपिन कुणाच्या नावावर नसतो. मोकळ्या खाडीलाही आहे, कांदळवनालाही आहे, रेल्वे रुळालाही. त्यात घर आहे की नाही, कुणाचं आहे, कायदेशीर आहे की नाही, काही लिहिलेलं नाही. ज्याला यादी करायची त्याला उपग्रहाचे फोटो पुरतात, तुमच्या दारावरची पाटी लागत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. डिजिपिन दाखवून घर तुमचं सिद्ध होत नाही. मालमत्ता पत्रक ते मालमत्ता पत्रक. परवा एकाने मला विचारलं, “कोड काढला, आता घर नावावर झालं ना?” मी पाणी प्यायलो.

चेंदणी_कोळी
पटलं. अर्धं.

ताक_घुसळण
सगळे पुरुष पत्ता सापडावा म्हणून धडपडतायत, म्हणून बाईच्या बाजूने लिहिते. मला माझा पत्ता सहज सापडू नये असं वाटतं.

ऐरोलीत एका पीजीत राहायचे. पार्सलच्या पाकिटावर नाव, मोबाइल, पूर्ण पत्ता. एका डिलिव्हरीवाल्याने तो नंबर ठेवून घेतला आणि दीड महिना मेसेज. कंपनीकडे तक्रार केली, त्यांनी फक्त सॉरी म्हटलं. जागा सोडली तेव्हा थांबलं. आता कल्पना करा, माझं नाव हाच माझा पत्ता झाला, वाचता येण्यासारखा, लक्षात राहण्यासारखा, आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे कधी न खोडता येणारा. मी जागा सोडली तरी जुना पत्ता माझ्या नावाला चिकटून जगभर उघडा. ‘कायमचं तुमचं’ हे वाक्य मला तर धमकीसारखं वाचता येतं.

टपाल काका म्हणतात तसं ‘कुणाला, किती काळ’ हे माझ्या हातात असेल आणि पाकिटावर फक्त लेबल छापलं जाणार असेल तर मी आजच घेईन. नाव ताक_घुसळणच ठेवेन.

निवृत्त_टपाल
ताई, लेबलात खरं नाव घालायची गरज नसावी असंच मलाही वाटतं. ‘ताक’ घ्या, सोपं पडेल.

शटर_अर्धं
मालकीवरून माझं रडगाणं. घोडबंदर रोडला दुकान आहे. लॉकडाऊनमध्ये दुकानाच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव घेतलं, वर्षाला आठशे-नऊशे रुपये. एका वर्षी नूतनीकरणाचा मेल जंकमध्ये गेला. दोन महिन्यांनी बघतो तर माझ्या दुकानाच्या नावावर कुणीतरी ऑनलाइन रमी लावलेली. गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, शेठ धंदा बदलला का. परत मागितलं तर तिकडून चाळीस हजार सांगितले. सोडून दिलं. आता नवं घेतलंय, देवनागरीत, डॉट भारत. ते २०१४ पासून मिळतं, पण अजून अर्ध्या लोकांना टाइप करता येत नाही.

सांगायचं काय, इंटरनेटवरचं नाव कुणीच ‘विकत’ घेत नाही, भाड्याने घेतो. मुदत आपली, मालकी यादीवाल्याची.

ब्लॉक_नंबर_४
@शटर_अर्धं, आणि यादी कुणाची हा प्रश्न सरकारी खात्यालाही लागू पडतो बरं का. ब्रिटनने २०१३ मध्ये रॉयल मेल खासगी केली तेव्हा सगळ्या देशाची पत्त्यांची फाइल तिच्याबरोबरच गेली. लोकांच्याच घरांचे पत्ते, पण यादी वापरायची तर कंपनीला पैसे. तिथल्या संसदीय समितीने नंतर ते चुकलं असं स्पष्ट म्हटलं. म्हणून डिजिपिन काढायचं गणित सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय हे मला आवडलं. ध्रुवची यादी कुणाच्या हातात आणि कोणत्या अटींवर, ते मात्र वाचून मगच सही.

घोडबंदर_२२वा_मजला
एक बाळबोध प्रश्न. आमच्या टॉवरला २८ मजले, मजल्यावर सहा फ्लॅट. चार मीटरच्या चौकोनात उंची कुठे आहे?

नकाशावेडा
नाही आहे. तुमच्या खालच्या बाईंचा आणि तुमचा कोड एकच. विंग आणि फ्लॅट नंबर लिहावाच लागणार.

गावठाणात उलटं होतं. एका लांबट घराला चार-पाच कोड, ओटीचा वेगळा, मोरीचा वेगळा. त्यात मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे असतं, आणि चिंचोळ्या गल्लीत तर विचारूच नका. म्हणून कोड मोबाइल हातात घेऊन उभ्याने काढू नका. उपग्रहाच्या चित्रावर आपलं छप्पर शोधा, मुख्य दारावर बोट ठेवा आणि तोच एक घरातल्या सगळ्यांनी वापरा.

खाडीकाठ
अपडेट द्यायला दोन आठवडे लागले, माफी.

त्या पोरांना नाही सांगितलं. भाऊजींचे पाचशे गेले, ते अजून म्हणतात “तुम्हाला कळत नाही”. फोन केला की “प्रोसेसमध्ये आहे” असं उत्तर येतं.

नकाशावेडांनी सांगितलं तसं छप्पर शोधून दारावरचा कोड काढला. आमची गल्ली आणि मागची, मिळून अकरा घरांचे काढले. ज्येष्ठांनी विचारलं मराठीत का नाही, तर कोड इंग्रजी अक्षरांतच चालतो म्हणून वर घराचं नाव मराठीत घ्यायचं ठरलं. गल्लीच्या तोंडाशी एकच मोठी पाटी, पेंटर गावातलाच, जुना, गणपतीच्या मंडपाचे बोर्ड तोच करतो. सुंदर अक्षर. निळ्यावर पांढरं. संध्याकाळी फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने फोटो बघून बघून कोड टाकला आणि आईची औषधं मागवली. अर्ध्या तासाने डिलिव्हरीवाल्याचा फोन, “सर मी पोचलो, गेट कुठलं?” विचारलं कुठे आहेस. म्हणाला, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेजवळ. अंधेरी पूर्व!

पाटीजवळ जाऊन बघितलं. पेंटरने चौथ्या जागेवरचा इंग्रजी सात काढताना हौसेने खाली शेपटी वळवली होती. जवळून सात, फोटोत चक्क दोन.

नकाशावेडा
थांबा, गणित करू द्या.

‘४-एफ-के’ नंतर ७ च्या जागी २ म्हणजे शेजारचाच चौकोन, पश्चिमेकडचा. चौथ्या खुणेला एक घर सरकलं की सुमारे पंधरा किलोमीटर. घणसोलीच्या सरळ पश्चिमेला पंधरा किलोमीटर म्हणजे खाडी ओलांडून, विक्रोळी-पवई ओलांडून… बरोब्बर अंधेरी पूर्व. पोरगं चुकलं नाही, तुमच्या पाटीने त्याला जिथे पाठवलं तिथेच गेलं.

ही डिजिपिनची खरी उणीव आहे. शेवटी ताळा बघायचा आकडा नाही. आधार नंबरात एक आकडा चुकला तर संगणक लगेच ओरडतो. इथे प्रत्येक चुकीचा कोड हा दुसऱ्या कुणाचा तरी बरोबर कोड असतो. शेवटचं अक्षर चुकलं तर शेजारच्या खिडकीत, चौथं चुकलं तर अंधेरीत, पहिलं चुकलं तर दुसऱ्या राज्यात नाहीतर समुद्रात.

ताक_घुसळण
औषधं मिळाली का शेवटी? ते सांगा आधी.

खाडीकाठ
मिळाली ताई, गावातल्याच मेडिकलमधून. चालत गेलो.

पेंटरला बोलावून शेपटी पुसून घेतली. तो जाम नाराज झाला, म्हणाला असा सात मी चाळीस वर्षं काढतोय. आणि अजून एक केलं, कोडखाली मराठीत एक ओळ घातली: ‘घणसोली गाव, गावदेवी मंदिरामागे’. म्हणजे कोड अंधेरीला नेत असेल तर वाचणाऱ्याला निदान शंका यावी. ‘विहिरीसमोर’ घालायचं की नाही यावर गल्लीत मतदान झालं. विहीर जिंकली. फोटो टाकतोय.

निवृत्त_टपाल
फोटो पाहिला. विहीर ठेवलीत, बरं केलंत.

पण अहो, अकरा घरांची नावं आहेत, अकरा कोड आहेत, मंदिर आहे, विहीर आहे. घर नंबर कुठे आहेत? टपाल खातं, महापालिका, वीजबिल, सगळं त्यावर चालतं.

खाडीकाठ
अरे देवा.

पेंटरला फोन केला काका. त्याने नुसतं विचारलं, “आता काय राहिलं?” रविवारी येतोय. वेगळे तीनशे घेणार.